रापणीच्या वाट्याला आलेली पेटी

"मुंबयसून फौजदार म्हणान चेडू धाडल्यानी. ईल्यापासून तोंड उघडूक नाय. ह्या काय इचारतला लोकांका?"

"नाय इचारला तर नाय. बसान तरी रवतला. खुर्येर धूळ बसूची नाय."

लाकडी पार्टिशनच्या पलीकडे दोन शिपाई विड्या ओढत बोलत होते. अलीकडे, त्याच खुर्चीवर, मी बसले होते. मला प्रत्येक शब्द कळत होता. मी समोरचा कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि ऐकलेच नाही असे दाखवले.

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक तेवढे वेगळे उरले आहे. कोणाचेही नाव मी इथे देणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

काळ गोवा मुक्त होण्यापूर्वीचा. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता. मालवणचा सगळा किनारा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. बाई फौजदार ही वस्तू मुंबईतच दुर्मीळ होती, तिथे तर लोक मला पाहायला दारात येत. माझे वडील मूळचे याच किनाऱ्यावरचे, पण मुंबईत स्थिरावल्यावर त्यांनी आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये घातले. जेवायला बसल्यावर इंग्रजी आणि पाहुण्यांसमोर शुद्ध मराठी, असा घरातला नियम होता. मालवणी फक्त आई बोलत असे, तीही स्वयंपाकघरात किंवा दारावरच्या मासेवालीशी. त्यामुळे मला ती सगळी समजे. बोलता मात्र एक वाक्य येत नसे. ठाण्यात हे मी कोणाला सांगितले नाही. आपल्याला एखादी भाषा कळते हे समोरच्याला ठाऊक नसणे पोलिसाच्या फायद्याचे असते, असे मी स्वतःला समजावले होते. खरे कारण संकोच हे होते.

प्रकरण असे. गोव्याची हद्द बंद झाल्यापासून तिकडून निसटलेले कार्यकर्ते आपल्या बाजूला राहत होते. त्यांतल्या काहींनी पोर्तुगिजांविरुद्ध गुप्त रेडिओ चालवायचे ठरवले. त्याचे यंत्र मुंबईहून पत्र्याच्या पेटीत घालून मचव्यातून, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीतून, आले. मालवणजवळच्या एका वाडीसमोर ते पहाटे होडीत उतरवायचे आणि एका माणसाने किनाऱ्यावर आणायचे, असे ठरले होते. तो माणूस म्हणजे मास्तर. स्वतः गोव्याचे, वाडीत भाड्याच्या खोलीत बायकोसह राहत आणि संध्याकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोळ्यांच्या मुलांना शिकवत. फी म्हणून मुलांनी आणलेले बांगडे घेत.

पेटी पुढे कोणापर्यंतच पोहोचली नाही. मास्तर म्हणाले, होडी लाटेत कलंडली आणि पेटी बुडाली. पोहणारे घालून तळ पाहिला, काही हाती लागले नाही. मग ठाण्यावर खबर आली की मास्तरांनी यंत्र पोर्तुगिजांना विकले. खबर देणारा त्यांच्याच मंडळींतला होता. मास्तरांचा मेहुणा हद्दीपलीकडे सरकारी नोकरीत होता, एवढा संशय सगळ्यांना पुरला. मास्तर कोठडीत आले. पेटीचा पत्ता लागला नाही तर हेर म्हणून त्यांची रवानगी रत्नागिरीच्या तुरुंगात होणार होती. ज्या माणसांसाठी त्यांनी घरदार सोडले होते, तीच त्यांना गद्दार म्हणू लागली होती.

मास्तरांच्या बायकोची आणि वाडीतल्या बायकांची विचारपूस करायला बाई अधिकारी हवी होती. म्हणून मी.

पहिल्या दिवशी मी चौकशीला नुसती बसले. आमच्या ठाण्याचे फौजदारसाहेब कडक होते, पण हात उचलणारे नव्हते.

"मास्तर, शेवटचं विचारतो. पेटी कुठे आहे?"

"शेवटचं तुम्ही कालही विचारलं होतंत, साहेब."

"पेटी कुठे आहे?"

"समुद्रात."

"समुद्रात मिळाली नाही. किती घेतलेत तिचे?"

मास्तरांनी पाय पुढे केले. एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधला होता. "विकली असती तर आधी चपला घेतल्या असत्या," ते म्हणाले.

साहेबांनी हसू दाबले आणि टेबलावर हात आपटला. मी एक गोष्ट टिपून ठेवली. खोटे बोलणाऱ्याची हकिगत दर वेळी थोडी वाढते. त्याला नवे तपशील फुटतात. मास्तरांची हकिगत वाढत नव्हती. दमल्यामुळे ती उलट लहान होत चालली होती.

त्यांची बायको माझ्याच वयाची होती. दुपारी वाडीतल्या खोलीत तिच्यासमोर बसले आणि पाठ केलेले सगळे प्रश्न विसरले.  शेवटी तिनेच तोंड उघडले.

"तुम्ही काही विचारणार नाही का?"

मी काहीतरी पुटपुटले.

"बरं, मीच विचारते. त्यांना जेवण जातं का?"

"जातं. भात आणि आमटी. मासे नसतात."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग आपण होऊनच बोलू लागली. साहेबांनी तिला बजावले होते, नवऱ्याला कशासाठी धरले हे वाडीत कोणाला सांगायचे नाही. प्रकरण गोपनीय आहे. "बायका रोज विचारतात. मी सांगते, गोव्याच्या राजकारणापायी. मग त्या म्हणतात, तां काय आमका कळणा नाय, आणि मासळी ठेवून जातात."

परतताना किनाऱ्यावर रापण ओढणे चालू होते. माझ्याबरोबर ठाण्याचे वयस्क हवालदार होते. ते घरी अस्सल मालवणी बोलत, पण माझ्याशी बोलताना हुकूमनाम्याची मराठी वापरत. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकलेले, दोन्ही टोकांच्या रश्या किनाऱ्यावर, आणि दोन रांगांत बायका, पुरुष, म्हातारे सगळे ओढत होते. वाटेने जाणाऱ्या एका कासाराने बांगड्यांचे गाठोडे वाळूत ठेवले आणि तोही रशीला लागला.

"हा यांच्यापैकी आहे?" मी विचारले.

"नव्हे, बाईसाहेब. परंतु ज्याने रशीस हात लाविला त्यास वाटा देणे भाग असते. तशी येथील वहिवाट आहे."

जाळे आले. तांडेलाने, म्हणजे रापणीच्या प्रमुखाने, वाळूवर माशांचे सारखे ढीग मांडले. कासारालाही एक मिळाला. जाळ्यात एक तुटके वल्हे आले होते. तेही कोयत्याने तोडून जळणासाठी वाटले गेले. हवालदार म्हणाले, "रापणीत जे जे येईल ते सर्वांचे. एकट्याचे काहीच नाही." मला गंमत वाटली, इतकेच.

दुसऱ्या दिवशी मी काकीकडे गेले. काकी म्हणजे तांडेलाची विधवा बहीण; मास्तर तिच्याच घरात भाड्याने राहत.

"बस गो बाय. पोलीस झालंस म्हणान काय उबीच रवतलंस?"

तिने चहा टाकला. चुलीशेजारी तळलेल्या माशांचे ताट होते आणि त्यावर झाकण. राखाडी पत्र्याचे, चौकोनी, बारीक भोकाभोकांचे. भांड्याचे झाकण असे नसते. मी वाकून पाहिले. कोपऱ्यात पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत छापले होते: धोका, विजेचा उच्च दाब, उघडू नये.

"काकी, हे झाकण कुठलं?"

"तां? माझ्या वाट्याक ईला रापणीत. बरा आसा. वारो जाता आणि मांजार तोंड घालणा नाय."

इंग्रजी सूचना त्या घरात फक्त मांजर पाळत होते.

माझ्या जागी दुसरा अधिकारी असता तर त्याने तिथेच पंच बोलावले असते. मी चहा संपवला. वाडी दाखवाल का, असे विचारले. काकीला माणसे दाखवायची हौस होती. ती मला घराघरांतून घेऊन गेली. एका घरी मांडवाच्या वेलीला तांब्याची तार गुंडाळली होती. एका कपाटाला आकडे कोरलेली काळी चकती मुठीसारखी ठोकली होती. एके ठिकाणी देव्हाऱ्यात काचेची लांबट नळी उभी करून तिला कुंकू लावले होते. तांडेलाच्या अंगणात एक आजोबा कानांवर हेडफोन चढवून उन्हात बसले होते.

"थंडीचो कान दुकता तेंचो," काकी म्हणाली. "ह्या घातल्यार वारो लागणा नाय. तेंका आयकाक पण येणा नाय, म्हणान घरातली सगळी खूश."

त्या दिवशी मला समजले. तपासात आमच्या माणसांनी वाडीतल्या प्रत्येकाला, गोपनीयतेपायी मास्तरांचे किंवा पेटीचे नाव न काढता, विचारले होते, इथे कुठे यंत्र पाहिलेत का? प्रत्येकाने नाही म्हटले होते, आणि कोणीही खोटे बोलले नव्हते. बुडालेली पेटी जाळ्यात आली, रापणीच्या वहिवाटीने उघडली गेली आणि माशांसारखीच वाटली गेली. यंत्र कोणी पाहिलेच नव्हते. ज्याने त्याने आपापला वाटा पाहिला होता.

सरकारला का कळवले नाही, तेही काकीच्या बोलण्यात आले. आधीच्या हंगामात जाळ्यात दारूच्या बाटल्या आल्या होत्या. तांडेल प्रामाणिकपणे सांगायला गेला, तर कस्टमवाल्यांनी बाटल्यांबरोबर जाळेही नेले आणि सगळा हंगाम बुडाला. तेव्हापासून रापणीत काय आले ते रापणीबाहेर सांगायचे नाही, असे ठरले होते.

साहेबांना सांगितले असते तर तासाभरात छापा पडला असता, आणि त्याच्या आधी अर्ध्या वस्तू विहिरीत गेल्या असत्या. अर्ध्या यंत्रावर मास्तर सुटले नसते. प्रकरण गोपनीय असल्याचा हुकूम माझ्यावरही होता. मी तो मोडायचे ठरवले आणि काकीच्या स्वयंपाकघरात परत आले.

"काकी, मास्तरांना पेटीसाठी धरलंय."

"खंयच्या पेटयेसाठी?"

मी झाकणाकडे बोट केले आणि उरलेलेही सगळे सांगितले.

काकी चुलीपुढे बसलीच. "आमच्या पोरांका शिकवणारो मास्तर माझ्या मांजराच्या झाकणापायी कोठडेत? आणि तुमी पोलीस आमका इचारतास, मशीन बगलास? झाकण बगलास काय म्हणान इचारलास असता तर!"

"आता काय करायचं?"

"रापणीची गोष्ट रापणीत. थंय रशयेक हात लावल्याबगर तुझा कोण आयकाचा नाय. फाल्या सकाळी ये."

मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर चपला काढल्या आणि हवालदारांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या जप्त मुद्देमालासारख्या अंगापासून दूर धरल्या.

"बाईसाहेब, आपण शासकीय..."

पुढचे मी ऐकले नाही. साडीचा पदर खोचून काकीच्या मागे रशीला लागले.

"कोण गो ह्या?" तांडेलाने पुढून विचारले.

"पोलीस!" काकी ओरडली.

"पोलीस रशी ओढतत? मगे चोर खंय गेले?"

दोन्ही रांगा हसल्या. कोणीतरी म्हणाले, "ओढ गो बाये, कागद न्हय तो!" ओल्या काथ्याने माझे तळवे सोलून निघाले, पण सोडायची सोय नव्हती, मागून पुढून माणसे होती. जाळे वर आले तेव्हा बांगडे उडत होते आणि मी हसत होते, हे मला काकीने नंतर सांगितले.

तांडेलाने ढीग मांडले. एक माझ्यापुढे. "घे बाये, ह्यो तुझो."

मी काकीच्या कानाला लागले. काकीचा आवाज मात्र कानापुरता नव्हता.

"तिका मासळी नको म्हणता! तिका त्या दिसाचो वाटो होयो. पेटयेचो!"

 तांडेलाने माझ्याकडे नीट पाहिले. "त्या दिसाक ह्या खंय होता? हात आजचो, वाटो आजचो."

त्याचे म्हणणे बरोबर होते.  पण काकीजवळ उत्तर होते. मास्तर कोठडीत का आहेत, त्यांना गद्दार कोण म्हणते आहे, त्यांची बायको रात्री जेवत कशी नाही, सगळे तिने भावाला चार माणसांत ऐकवले आणि शेवटी म्हणाली, "तुझ्या झिलाक पाढे कोणी शिकवल्यान रे? कस्टमवाल्यान?"

तांडेलाने हातातला बांगडा ढिगावर ठेवला. "वाटो दिलो तो दिलो," तो म्हणाला. "मी कोणाकडे परत मागूचो नाय. पण ज्येचो वाटो, तेना काय करूचा तां तेना करूचा."

काकी घरी गेली आणि झाकण घेऊन आली. राखेने घासून लख्ख केले होते. तिने ते माझ्यापुढे, माशांच्या शेजारी, वाळूत ठेवले. "ह्यो माझो."

मग एकेक जण उठला. तार आली. काळी चकती आली, अजून खिळा अडकलेली. देव्हाऱ्यातली नळी एका सुनेने पदरात धरून आणली आणि ठेवण्यापूर्वी तिला हात जोडले. आजोबा सर्वांत शेवटी आले, कुरकुरत. "आता माझ्या कानाचा काय?" काकीने स्वतःचा रुमाल त्यांच्या डोक्याला बांधला. गाठ मारता मारता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोणाक धरूचा नाय हां, बाय." मी मान हलवली. शब्द दिला म्हणण्यासारखे त्यात काही नव्हते. नुसती मान.

दुपारी सगळे साहेबांच्या टेबलावर मांडले. वायरलेसच्या माणसाने येऊन पाहिले. यंत्र तेच होते आणि आतून खाऱ्या पाण्याने खाल्लेले होते. म्हणजे पेटी बुडाली होती. मास्तर पहिल्या दिवसापासून जे सांगत होते, तसेच घडले होते.

साहेब खूश झाले. माझ्याकडे पाहून त्यांनी हवालदारांना चहा सांगितला, आणि पार्टिशनपलीकडच्या दोघांपैकी एकाने तो बशीत न सांडता आणला.

"मास्तरांना सोडू आपण," साहेब म्हणाले. "पण वर काय कळवायचं? सरकारी दृष्टीनं हा लपवलेला माल आहे. तुम्ही बसा आणि यादी करा. कोणाच्या घरी काय होतं, कोणी कोणी वाटा घेतला. सगळ्यांवर गुन्हा दाखल करावा लागेल."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. हवालदार भिंतीवरच्या कॅलेंडरचे चित्र पाहू लागले. कोठडी जवळच होती. तिथे सगळे ऐकू गेले असावे.

"साहेब," मास्तरांचा आवाज आला, "तसं असेल तर मला सोडू नका. त्या वाडीत मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तुम्हाला कोणी विचारलेलं नाही, मास्तर."

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. मास्तर त्याच संध्याकाळी सुटले, आणि ज्यांनी त्यांना गद्दार म्हटले होते ते त्यांना न्यायला ठाण्याच्या दारात उभे होते. वाडीतल्या कोणावरही गुन्हा दाखल झाला नाही. यंत्र किनाऱ्यावर वाहून आले आणि वाडीतल्या लोकांनी ते आपण होऊन ठाण्यात आणून दिले, असा अहवाल साहेबांनी स्वतः लिहिला. मला त्याचे इंग्रजी करायला दिले, आणि मी ते मन लावून केले.

त्या प्रकरणाने मला शिकवलेली गोष्ट मी पुढे नव्या मुलींना सांगत आले. प्रश्न आपण आपल्या शब्दांत विचारतो आणि उत्तर आले नाही की समोरच्याला लबाड ठरवतो. माणसे कशी राहतात, काय वाटून घेतात, कशाला आपले म्हणतात, हे पाहिल्याशिवाय प्रश्न विचारूच नये. गप्प बसून पाहणे मला जन्मतःच जमत होते. पोलीस म्हणून ते माझ्या फार कामी आले. पण गप्प बसून ज्यांचे सगळे पाहिले, त्यांच्यासाठी कधीतरी बोलावेही लागते. तिथे काकी बोलली होती. इथे काकी नव्हती.

तर त्या दुपारी, यादीच्या कोऱ्या कागदावर, साहेब टाक पुढे करून थांबले होते. माझे तळवे अजून चुरचुरत होते. काय बोलायचे ते मी शुद्ध मराठीत मनात दोनदा जुळवले. मग मी उठून उभी राहिले, आणि पार्टिशनच्या पलीकडेही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"सायबानू, रशयेक माझोय हात होतो आणि वाटो मीय घेतलंय. पयला नाव माझा घाला."